भिंगरीचं गाणं



डिसेंबर लागला की एक सुरावट आपल्याही कानांवर पडते. कधी एखाद्या मॉलमध्ये, कधी जाहिरातीत, तर कधी 'होम अलोन' या चित्रपटात. चार सुरांचा एक तुकडा, पुन्हा पुन्हा घोळवलेला, आणि त्यावर एकेक करून चढत जाणारे बाकीचे आवाज. इंग्रजीत तिला 'कॅरल ऑफ द बेल्स' म्हणतात. नाताळच्या घंटांचं गाणं अशीच तिची जगभर ओळख आहे.

मूळ गाण्यात घंटेचं नावही नाही. त्यात एक भिंगरी आहे, वसंतात घराच्या वळचणीला येणारं चिमुकलं पाखरू. ती चिवचिवत येते आणि घरधन्याला बाहेर बोलावते. मेंढ्या व्यायल्या, कोकरं झाली, यंदा तुझ्या घरी बरकत आहे, असं सांगते. आपल्याकडे पहाटे वासुदेव दारात येऊन घराचं भलं चिंततो ना, त्याच जातकुळीचं हे गाणं. 'श्चेद्रिक' हे त्याचं नाव. युक्रेनच्या खेड्यांत नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी अशी गाणी दारोदार गायली जात. संगीतकार मिकोला लेओन्तोविच यांनी त्या लोकसुरांवरून वृंदगान रचलं आणि १९१६ मध्ये ते कीवमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं.

१९१९ उजाडलं तेव्हा युक्रेनचं प्रजासत्ताक जेमतेम वर्षाचं होतं आणि बोल्शेविक फौजा कीवच्या तोंडाशी आल्या होत्या. अशा घडीला प्रजासत्ताकाचे नेते सिमोन पेत्ल्युरा यांनी एक गायकवृंद परदेशी धाडायचं ठरवलं. आपला देश आहे, त्याला स्वतःचा आवाज आहे, हे जगाला ऐकवण्यासाठी! मला हा निर्णय फार मोठा वाटतो. ओलेक्सांदर कोशित्स यांच्या हाताखाली वृंद निघाला. प्राग, व्हिएन्ना, पॅरिस, लंडन. इकडे ते गात राहिले आणि तिकडे देश हातचा गेला. जानेवारी १९२१ मध्ये रात्रीचा आसरा मागून घरात शिरलेल्या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकानं लेओन्तोविच यांना गोळी घातली. त्यांचं वय होतं ४३. पुढच्या वर्षी, ५ ऑक्टोबर १९२२ रोजी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचं 'श्चेद्रिक' घुमलं. १९३६ मध्ये अमेरिकन संगीतकार पीटर विल्हाऊस्की यांनी त्या सुरांना घंटांचे इंग्रजी शब्द दिले. सूर राहिले, भिंगरी मात्र उडून गेली. कोशित्स मायदेशी कधीच परतले नाहीत. १९४४ मध्ये कॅनडातल्या विनिपेग शहरात ते वारले.

त्या कॅनडात युक्रेनचे शेतकरी १८९१ पासून येत होते. त्यांनी सोबत नेलेली एक कला जरा जवळून पाहू या. तिचं नाव पिसांका. पांढरं अंडं घ्यायचं. पाभरीला चाडं असतं ना, तसंच इवलंसं पितळी चाडं काडीच्या टोकाला बसवलेलं असतं. ते मेणबत्तीवर तापवून त्यात मधमाश्यांचं मेण भरायचं आणि अंड्यावर रेघ ओढायची. जे पांढरं ठेवायचं ते आधी मेणानं झाकायचं, मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं. जे पिवळं राखायचं ते झाकायचं, मग तांबडा, शेवटी काळा. या टप्प्यावर हातात उरतो तो एक काळाकुट्ट, चिकट गोळा. नवख्याला वाटतं, सगळं बिघडलं. मग तो ज्योतीच्या कडेला धरायचा आणि वितळलेलं मेण फडक्यानं हलकेच टिपत जायचं. एकेक रंग वर येतो. युक्रेनियन भाषेत ही अंडी रंगवत नाहीत, 'लिहितात'. पिसांका हा शब्दच लिहिण्यावरून आला आहे. सोव्हिएत राजवटीत धार्मिक चाल म्हणून ती दडपली गेली, तेव्हा परदेशातल्या आज्यांनी ती नातवंडांच्या हाती दिली. अल्बर्टातल्या व्हेग्रेव्हिल गावात तर १९७५ पासून २५ फुटांहून लांब धातूची पिसांका उभी आहे. वारा येईल तशी ती फिरते.

आपली ओळख जपण्याचं हे काम चित्रपटानंही केलं आहे. सेर्गेई पाराजानोव्ह जन्मले तिबिलिसीत, एका आर्मेनियन घरात. पण कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांची कथा त्यांनी हुत्सुल बोलीतच पडद्यावर आणली. 'विस्मृत पूर्वजांच्या सावल्या' असा त्या चित्रपटाच्या नावाचा अर्थ. सप्टेंबर १९६५ मध्ये कीवला त्याच्या खेळाआधी साहित्य समीक्षक इवान द्झ्यूबा मंचावर गेले आणि युक्रेनियन विचारवंतांच्या अटकसत्राचा त्यांनी जाहीर निषेध केला. काही प्रेक्षक निषेधात सामील होत उठून उभे राहिले. त्या काळात नुसतं उभं राहणंही नोकरीवर बेतत असे. आणि २०२४ मध्ये रशियानं वेढलेल्या शहरावरच्या '२० डेज इन मारिउपोल' या माहितीपटानं युक्रेनला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं, तेव्हा दिग्दर्शक मस्तिस्लाव्ह चेर्नोव्ह मंचावरून म्हणाले की, हा चित्रपट काढावाच लागला नसता तर बरं झालं असतं. घरदार सोडून परदेशी गेलेल्या लाखो युक्रेनियनांपैकी कुणी हा चित्रपट पाहायला बसत असेल, तेव्हा पडद्यावर त्याला आपलीच गल्ली दिसत असेल.

४ डिसेंबर २०२२ रोजी कार्नेगी हॉलमध्ये, 'श्चेद्रिक' तिथे पहिल्यांदा घुमल्याची शंभरी साजरी झाली. त्या हिवाळ्यात वीजकेंद्रांवरच्या रशियाच्या हल्ल्यांमुळे कीव तासन् तास अंधारात असे. त्याच कीवमधला, 'श्चेद्रिक' याच नावाचा मुलांचा वृंद तिथे गायला. शब्द मूळचे होते, भिंगरीचे.

आता तेच गाणं आपण ऐकू या.