इव्हॅन्स्टनमध्ये स्वागत

सन्माननीय संमेलनाध्यक्षा, गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांतून आलेल्या मैत्रिणींनो, आणि सोडायला म्हणून येऊन इथेच रमलेल्या पुरुष मंडळींनो,

शिकागोशेजारच्या, तळ्याकाठच्या या गावात स्वागत समितीतर्फे आपलं मनापासून स्वागत. इथल्या विद्यापीठाच्या सनदेत १८५५ साली कलम घातलं गेलं, की चार मैलांच्या आत दारू विकायची नाही. गाव १९७२ पर्यंत कोरडं राहिलं. आता इथे दारू मिळते. आपल्या पंगतीत मात्र मठ्ठाच आहे.

फ्रान्सिस विलार्ड याच गावच्या. स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यपाननिषेध संघाच्या त्या १८७९ पासून १८९८ मध्ये जाईपर्यंत अध्यक्ष होत्या. नवऱ्यानं कमाई गुत्त्यात उडवली तर बाईनं दाद मागायची कुठे? म्हणून विलार्डबाईंनी दारूबंदीला मताधिकाराची जोड दिली. १८८६ ते १८८८ या काळात आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. तेव्हा दोघींचा स्नेह जुळला, आणि रमाबाईंनी १८८९ च्या आपल्या प्रवासवृत्तात या संघाची ओळख मराठी वाचकांना करून दिली. विलार्डबाईंचं सगळंच गोड मानायचं कारण नाही. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींबाबत त्या कचरल्या, आणि आयडा बी. वेल्स यांनी त्यांना जाहीरपणे सुनावलं. योग्यच केलं.

मला खरं अप्रूप आहे ते माटिल्डा कार्स यांचं. त्यांचा धाकटा मुलगा एका दारूड्या गाडीवानाच्या गाडीखाली गेला. पुढे याच बाईंनी शिकागोच्या ला सॅल आणि मन्रो रस्त्यांच्या कोपऱ्यावर, ऐन बँकांच्या पेठेत, संघासाठी टोलेजंग इमारत उठवली. १८९२ मध्ये पुऱ्या झालेल्या या ‘विमन्स टेंपल’मध्ये खाली सभांसाठी विलार्ड हॉल, वर भाड्याच्या कचेऱ्या. भाड्यातून कर्ज फिटेल, संघही चालेल, असा बेत. पण १८९३ ची मंदी आली, कर्ज काही हलेना. विलार्डबाई गेल्यावर संघानं हात काढून घेतला आणि १९२६ मध्ये इमारत पाडली गेली. कार्सबाईंच्या हिशेबाला तेव्हा खूप नावं ठेवली गेली. मी ठेवणार नाही. वर्गणीसाठी दरसाल पदर पसरण्यापेक्षा भाडं वसूल करावं, हे मत नसलेल्या बायकांना सुचलं होतं!

विलार्डबाईंच्या वडिलांनी १८६५ मध्ये बांधलेलं घर मात्र उभं आहे. नाव ‘रेस्ट कॉटेज’, पण संघाचा अखंड पत्रव्यवहार चाले तो तिथूनच. दुपारच्या सत्रानंतर ते बघायला जायचंय. खोल्या लहान आहेत, तेव्हा तुकड्या पाडल्यात. चहा घेऊन आपापल्या तुकडीच्या ताईंना गाठा.