भादव्यातला मांडव
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भादवा म्हणजे आपल्या घरात पैसा नसण्याचा महिना. पेरणीला काढलेलं कर्ज खतात, निंदणात, फवारणीत गेलं. कपाशी पाती-फुलावर, ज्वारी पोटरीत. दसऱ्याआधी शिवारातून रुपया यायचा नाही. आणि नेमका याच महिन्यात घरामागचा मांडव भरून येतो. मोरीच्या पाण्यावर वाढलेला दोडका, कुडावर चढलेलं कारलं, उकिरड्यावर आपोआप उगवलेलं कोहळं, चवळीच्या शेंगा. अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी. हे ताट ज्याच्या पुढं आलं त्यानं बाजारच्या फ्लॉवरची आठवण काढू नये.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही अशी रीत आहे. अळू, माठ, दोडका, भेंडी, कोहळं, मक्याचं कणीस, सगळं हातानं लावलेलं एकत्र शिजवतात. त्या व्रतामागची विटाळाची गोष्ट मला अजिबात मान्य नाही. पण त्या भाजीत एक कबुली आहे, की नांगराच्या शेतीखेरीज घरात दुसरी शेती आहे आणि ती बाईची आहे. तिला सातबारा नाही. कपाशीचा उत्पादनखर्च मांडताना ती कोणत्याच रकान्यात येत नाही. ती नसती तर आठवडी बाजारात किती गेले असते, हे घरोघरच्या मायबहिणींनी एकदा मांडून नवऱ्याला दाखवावं.

आता काही शहाणे म्हणतील, परसबाग लावा, मग कशाला भाव मागता? त्यांना सांगा, दोडक्यानं सोसायटीचा हप्ता फिटत नाही. भाव तो भाव. मांडव आहे तो खाण्यासाठी, आणि पोरांनी चव घेऊन खावं यासाठी.

पण या मांडवावर संकट आहे, आणि ते आपल्याच पंपातून येतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ते विष वाऱ्यावर अंगणातही येतं. भेंडी तर कपाशीची चुलतबहीण. तुडतुडे, ठिपक्यांची बोंडअळी दोघींवर सारखीच. म्हणून कपाशीच्या धुऱ्यावरची भेंडी फवाऱ्यात सापडते आणि संध्याकाळी तीच तोडून घरी येते. भावांनो, ती आणू नका. खायची भेंडी घराजवळ लावा, वारा घराकडे असेल त्या दिवशी पंप उचलू नका, आणि औषधाचा रिकामा डबा, कितीही धुतला तरी, झाडाला पाणी घालायला वापरू नका.

फवारणीनं मधमाशाही मरतात. मग बाया म्हणतात, कोहळ्याला फुलं ढीगभर, फळ एक नाही. सुरुवातीला नुसती नरफुलं येतात, तेव्हा घाबरू नका. मागून ज्या फुलाखाली बारकं फळ दिसतं ती मादी. सकाळी लवकर नरफूल तोडून पाकळ्या काढा आणि मादीफुलात फिरवा. दुधीचं आणि दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यांचं हे काम तेव्हा करा. आणखी एक. दुधी चिरला की कच्ची फोड जिभेला लावून पाहा. कडू लागला तर फेकून द्या. त्यानं माणूस दवाखान्यात जातो.

कोहळं देठ वाळल्यावर, देठासकट तोडावं. कोरड्या, हवेशीर जागी ते महिनोन् महिने टिकतं. गवार आणि कारल्याच्या चकत्या पाऊस उघडल्यावर उन्हात टाका, उन्हाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा कामी येतात. आणि बियाण्यासाठी सगळ्यात देखणा दोडका, तोडायची इच्छा झाली तरी, वेलावरच वाळू द्या. आत बी खुळखुळलं की काढा, राखेत घालून डब्यात ठेवा. आपलं गावरान बी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढच्या बैठकीला मूठभर घेऊन यावं. ज्या घरी नाही त्या घराला तिथंच देऊ.