शेवटची फेरी किती वाजता?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर वाचून दोघा-तिघांनी आम्हांला विचारले, की सिल्वासात ना समुद्र ना बेट, मग फेरीबोटीवर भाषण कशाला? प्रश्न रास्त आहे. पण आपला हा प्रदेश एके काळी बेटच होता, फक्त भोवती पाण्याऐवजी भारताची जमीन होती. 1954 च्या 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पुढच्याच वर्षी पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि दमणहून इकडे येण्या-जाण्याची वाट आपल्याला हक्काने मिळावी, असे मागू लागला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्याला नव्हता आणि भारताने काही आगळीक केलेली नाही, असे न्यायालयाने ठरवले. कोणी जावे, कशासाठी जावे, वाट कोणाच्या हातात असावी, हे प्रश्न आपल्या मातीला नवे नाहीत एवढेच सांगायचे आहे.

आता आमच्या डोक्यात हा किडा कसा शिरला ते सांगतो. गेल्या दिवाळीत पुण्याचे पाहुणे घेऊन आम्ही तीन कुटुंबे दुधनीला गेलो होतो. आपण सगळेच जातो. शिकाऱ्यात बसायचे, फोटो काढायचे, येताना खानवेलला चहा घ्यायचा. त्या दिवशी काठावर एक म्हातारी डोक्यावर गाठोडे घेऊन उभी होती. पलीकडे कोणी जाते का, एवढेच ती विचारत होती. शिकारे पर्यटकांचे, ते फिरून पुन्हा इथेच यायचे. शेवटी ती एका मासेमाराच्या लहान होडीत बसून गेली. आमच्यातल्या एका नातीने विचारले, "आजी परत कशी येणार?" आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. तीस-तीस वर्षे आम्ही या गावात राहतो, मधुबन धरणाचे पाणी पितो, कारखान्यांत वापरतो, आणि त्या पाण्याखाली गेलेल्या शेतांच्या नि वाटांच्या पलीकडची माणसे बाजाराला कशी येतात, हे आम्हांला ठाऊक नव्हते.

मग वर्षभर जिथे जिथे गावी किंवा लग्नकार्याला गेलो, तिथली फेरीबोट मुद्दाम पाहिली. त्यातून जे उमगले ते मांडतो.

सगळ्यांत आधी लोक म्हणतात, पूल बांधा, विषय संपला. पूल हवाच, जिथे होतो तिथे. कोयनेच्या शिवसागरावर तापोळा आणि आहीर जोडणाऱ्या पुलाचे काम निघाले, याचा कांदाटी खोऱ्यातल्या माणसांना आनंदच आहे. पण पूल व्हायला वर्षे लागतात, आणि झालेला पूलही कायमचा नसतो. आपल्या याच दमणगंगेवर, दमणमध्ये, 28 ऑगस्ट 2003 रोजी मोटी दमण आणि नानी दमण जोडणारा पूल कोसळला. शाळकरी मुलांसह वीसहून अधिक जीव गेले. इथल्या जुन्या मंडळींना तो दिवस आठवत असेल. त्याआधी 5 जुलै 1986 ला पणजीचा मांडवी पूल पडला होता. नवा पूल 1992 मध्ये सुरू झाला, आणि मधल्या काळात पणजी-बेतीच्या फेरीबोटी होत्या म्हणून गोवा चालला. पूल आला की फेरी भंगारात काढायची घाई करू नये, असे आमचे मत त्यावरून झाले.

गोव्याचा मुक्काम जरा वाढवतो. तिथे नदी परिवहन खाते सरकारचे आहे. चोडण आणि दिवाडी ही मांडवीतली बेटे, पायी जाणाऱ्याला आणि दुचाकीला तिकीट नाही. 2023 मध्ये दुचाकीला पैसे लावायचे ठरले, तेव्हा लोक चिडले आणि तो बेत मागे ठेवावा लागला. खाते तोट्यात आहे, हे खरे. पण सिल्वासाहून नरोलीला रस्त्याने जाताना आपण पायी माणसाकडून पैसे घेतो का? बेटावरच्या माणसाचा रस्ता पाण्याचा आहे एवढाच फरक. दिवाडीहून नार्वेला जाणाऱ्या फेरीत हे आम्हांला फार जाणवले. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडीवर. देऊळ पाडले गेले तेव्हा देव नदी ओलांडून नार्व्याला आला, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आज भक्त तीच नदी फुकट ओलांडतात. आमच्या एका वहिनींनी फेरीतच नारळ फोडायचा हट्ट धरला होता, तो कसाबसा मोडला!

चोडणला जुलै 2025 पासून मोठी रो-रो फेरी आली आहे. मुंबई-मांडवा रो-रो 15 मार्च 2020 ला सुरू झाली, आणि कोकणात दाभोळ-धोपावे तर 2003 पासून चालते. दाभोळची फेरी खासगी असूनही टिकली, कारण गाड्या भरपूर आणि रस्त्याचा वळसा मोठा. गाडी आहे तिथे हा उत्तम उपाय. पण ज्या पाड्यात गाडीच नाही तिथे रो-रो कोणाच्या भाड्यावर चालणार? शिवाय तिला खोल पाणी, भक्कम धक्का, गाळ काढण्याची सोय लागते. मांडव्याला लाटा अडवणारी भिंत बांधावी लागली.

आणि पर्यटनाच्या बोटी? घारापुरीचे उदाहरण घ्या. गेटवेहून तासाभराची लाँच, दिवसभर गर्दी. पण सोमवारी लेणी बंद, म्हणून गेटवेच्या लाँचही बंद. बेटावर राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर अशा तीन वस्त्या आहेत आणि त्यांना सोमवारीही दुखते-खुपते. समुद्राखालून केबल टाकून तिथे कायमची वीज आली ती 2018 मध्ये, मुंबईचे दिवे समोर दिसत असताना. 18 डिसेंबर 2024 ला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून घारापुरीला निघालेली 'नीलकमल' बुडाली आणि पंधरा जण गेले. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. आम्ही दुधनीला बसलो होतो तेव्हा मुलांच्या मापाचे जॅकेट आम्ही मागितले नव्हते, हेही कबूल करतो.

आम्हांला सगळ्यांत शिकवून गेली ती कोची. एप्रिल 2023 मध्ये तिथे वॉटर मेट्रो सुरू झाली. लोक विजेवर चालणाऱ्या बोटींचे कौतुक करतात, आम्हांला आवडला तो तरंगता धक्का. पाणी वर गेले की धक्का वर, खाली गेले की खाली, आणि बोटीचा काठ नि धक्का कायम एका पातळीत. चाकाच्या खुर्चीतला माणूसही आत जातो. धरणाच्या जलाशयात तर याची गरज समुद्रापेक्षा जास्त. गणपतीत काठोकाठ असलेले पाणी मे महिन्यात खूप खाली उतरते. सिमेंटचा पक्का धक्का तेव्हा कोरडा पडतो आणि पुढे घोटाभर चिखलाची उतरण राहते. बाळंतीण बाई तिथून कशी न्यायची? अर्नाळ्याच्या किल्ल्यावरच्या माणसांनी वर्षानुवर्षे कंबरभर पाण्यात उतरून होडी गाठली आहे. बोट नवी घ्यायला पैसे निघतात, फीत कापायला मिळते. धक्क्याची फीत कोणी कापत नाही, म्हणून तो राहून जातो.

नर्मदेच्या फुगवट्यात, नंदुरबारच्या चिमलखेडीची अंगणवाडी सेविका 2020 च्या टाळेबंदीत स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर गेली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. आपण कौतुक केले. पण एका बाईच्या दंडावर सरकारी सेवा उभी राहावी, हे कौतुकापेक्षा लाजेचे जास्त आहे.

तेव्हा आमची मागणी मोठी नाही. तरंगता धक्का आधी, बोट नंतर. सकाळची फेरी शाळा-दवाखान्याच्या वेळेला, संध्याकाळची बाजार उठल्यावर, आणि पर्यटक असो नसो, ती सुटायचीच. वेळ काठावर फलकावर लिहिलेली. एक बोट रात्री आजाऱ्यासाठी राखलेली, तांडेलासकट. याचा खर्च शिकाऱ्यांच्या तिकिटातून थोडा आणि प्रशासनाकडून बाकीचा, असे आम्हांला सुचते. पण निवेदन देण्याआधी आपण स्वतः पाहिले पाहिजे, नाहीतर आपल्या सोयीचेच लिहून बसू.

म्हणून दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही दुधनीला जातो आहोत. शिकाऱ्यात बसायचे नाही. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काठावर थांबायचे, कोण पलीकडे गेले, कोण आले, कोण थांबून परतले, ते वहीत लिहायचे. वारली किंवा कोकणा बोली समजणारे कोणी आले तर फार बरे. गाडीत अजून चार जागा आहेत. नावे प्रसादाच्या टेबलाशी द्या, डबा आपापला आणा.