शोधनिबंधांतील आधार

निराधार असें कांहींच लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना मल्लिनाथानें केली होती. प्रत्येक शास्त्रीय नियतकालिक आपल्या लेखकाकडून हीच अपेक्षा करतें. भेद एवढाच कीं, येथें केवळ शब्द देऊन भागत नाहीं, निबंधाच्या अखेरीस संदर्भ-सूची जोडून तो शब्द पाळून दाखवावा लागतो. पहिलाच शोधनिबंध लिहिणाऱ्या तरुणाला मात्र ही सूची म्हणजे निव्वळ कारकुनी वाटते. वर्षभर प्रयोग केले, निष्कर्ष हातीं आले, आणि आतां स्वल्पविराम चुकले म्हणून संपादक हस्तलिखित परत पाठवितो, ही त्याची तक्रार असते. ज्या श्रोत्यांच्या घरीं मुलगा अगर मुलगी संशोधन करीत असेल, त्यांच्या कानांवर ही तक्रार आली असेलच. तिच्यांत तथ्य किती, हें ठरविण्यापूर्वीं संदर्भ म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे.

संदर्भ हा पाकिटावरील पत्त्यासारखा असतो. ३१ मार्च १९२८ च्या ‘नेचर’ साप्ताहिकांत चंद्रशेखर वेंकट रामन् व के. एस. कृष्णन् यांचें एक छोटें टिपण प्रसिद्ध झालें. प्रकाशाच्या विकिरणाचा एक नवा प्रकार त्यांत वर्णिलेला होता. या टिपणाचा पत्ता असा: लेखक रामन् व कृष्णन्; साल १९२८; नियतकालिक ‘नेचर’; खंड १२१; पृष्ठ ५०१. एवढ्या माहितीवर जगांतील कोणत्याहि मोठ्या ग्रंथालयांत तें सांपडतें. परंतु १२१ च्या जागीं ११२ पडलें, तर वाचक योग्य कपाटासमोर उभा राहूनहि रिकाम्या हातानें परततो. स्वल्पविरामांचा आग्रह यासाठींच असतो. खंड कोणता, अंक कोणता, पृष्ठ कोणतें, हें वाचकाला आंकड्यांच्या स्थानावरून व त्यांमधील चिन्हांवरूनच ओळखावयाचें असतें.

हा पत्ता देण्याच्या प्रमुख पद्धति दोन आहेत. पहिलींत वाक्याच्या ओघांतच कंसांत ‘रामन् व कृष्णन्, १९२८’ असें लिहितात आणि अखेरची सूची लेखकांच्या नांवांच्या वर्णानुक्रमानें लावतात. हार्वर्ड विद्यापीठांतील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनीं १८८१ मध्यें गोगलगाईच्या जातीच्या एका बिनशंखाच्या प्राण्यावर जो निबंध लिहिला, त्यांत या पद्धतीचा उगम दाखविला जातो. म्हणून तिला हार्वर्ड पद्धति म्हणतात. दुसरींत वाक्यापाशीं केवळ अनुक्रमांक घालतात व सूची त्याच क्रमानें देतात. १९७८ मध्यें कांहीं वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडांतील व्हॅन्कूव्हर येथें जमले व त्यांनीं हस्तलिखितांसाठीं समान नियम ठरविले. तेव्हांपासून वैद्यकांतील अंकपद्धतीला त्या शहराचें नांव मिळालें. पहिली पद्धति कोणाचें काम व केव्हांचें, हें तेथल्या तेथें सांगते. दुसरी वाचनांत खंड पडूं देत नाहीं, पण मध्येंच एक संदर्भ वाढला कीं पुढील सारे आंकडे बदलावे लागतात. यांत श्रेष्ठ कोणती, हा वाद व्यर्थ आहे. ज्या नियतकालिकाकडे निबंध धाडावयाचा, त्याच्या लेखकांसाठींच्या सूचना व एखादा अलीकडचा अंक समोर ठेवावा, आणि एकच पद्धति आरंभापासून अखेरपर्यंत पाळावी.

नांवांच्या बाबतींत विशेष दक्षता हवी. बहुतेक सूचींत आडनांव आधीं व आद्याक्षरें मागाहून येतात. मराठी नांवाला हें सहज लागू पडतें. अनेक तमिळ नांवांना पडत नाहीं. रामन् यांच्या नांवांतील ‘चंद्रशेखर’ हें वडिलांचें नांव, आणि ‘रामन्’ हें त्यांचें स्वतःचें. आडनांव त्यांत नाहींच. तरी सूचींत ते ‘रामन्’ याच नांवाखालीं शोधावे लागतात. अशा ठिकाणीं तर्क न लढवितां मूळ निबंध व ग्रंथालयाची सूची पाहावी. नियतकालिकांचीं संक्षिप्त रूपेंहि रूढ असतील तींच वापरावीं. पदरचीं बनवूं नयेत.

एका ओळीच्या संदर्भाचें मोल किती असूं शकतें, हें मेंडेलच्या उदाहरणावरून दिसतें. वाटाण्याच्या संकरावरील त्याचा निबंध १८६६ मध्यें ब्रून येथील एका स्थानिक शास्त्रमंडळाच्या वृत्तांतांत छापला गेला व जवळजवळ विस्मृत झाला. पण १८८१ मध्यें फोके या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें संकरित वनस्पतींवरील आपल्या ग्रंथांत त्याची नोंद केली, आणि ती अमेरिकेंतील बेलीच्या १८९२ च्या सूचींत उतरली. १९०० मध्यें डी व्ह्रीस, कोरेन्स व चेर्माक यांनीं मेंडेलचें कार्य पुन्हां उजेडांत आणलें. बेलीच्या सूचीवरूनच आपण त्या निबंधापर्यंत पोंचलों, असें डी व्ह्रीसनें पुढें बेलीला कळविलें. या हकीगतीविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. मेंडेल तेव्हां हयात नव्हता; त्याला मरून १६ वर्षें झालीं होतीं. आनुवंशिकतेचें शास्त्र मात्र त्या जुन्या निबंधाच्या पायावर उभें राहिलें.

परंतु पत्ता अचूक असला म्हणजे आधार खरा ठरतोच, असें नाहीं. १० जानेवारी १९८० च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्यें अवघ्या पांच वाक्यांचें एक पत्र आलें. अफूवर्गीय औषधें दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकीं, पूर्वीं व्यसन नसलेल्या चौघांनाच तें लागल्याची खात्रीलायक नोंद आढळली, असें त्यांत होतें. हे सर्व रुग्ण इस्पितळांत, डॉक्टरांच्या नजरेखालीं होते. २०१७ मध्यें त्याच नियतकालिकांत या पत्राच्या उल्लेखांची छाननी प्रसिद्ध झाली. एकंदर ६०८ लेखांनीं त्याचा हवाला दिला होता. त्यांपैकीं ४३९ लेखांनीं अशा औषधांनीं व्यसन क्वचितच लागतें याचा पुरावा म्हणून तें पुढें केलें, आणि ४९१ लेखांनीं रुग्ण इस्पितळांतील होते ही गोष्ट सांगितलीच नाहीं. उत्तर अमेरिकेंत पुढें या औषधांच्या व्यसनानें लाखों कुटुंबें उद्ध्वस्त झालीं. त्या अनर्थाचीं कारणें अनेक. पण न वाचतां दिलेल्या या हवाल्यांचाहि त्यांत वांटा होता, असें छाननी करणाऱ्यांचें मत पडलें.

स्वल्पविराम व अनुक्रम लावण्याचें काम आतां संगणक क्षणांत करतो. कांहीं यंत्रें तर मागतांच संदर्भहि रचून देतात. लेखकाचें नांव खरें, नियतकालिक खरें, आणि तो निबंध मात्र कधीं लिहिलाच गेलेला नसतो. म्हणून हस्तलिखित धाडण्यापूर्वीं लेखकानें तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात. निबंधांतील प्रत्येक उल्लेख सूचींत आहे काय, आणि सूचींतील प्रत्येक नोंद निबंधांत आली आहे काय? प्रत्येक आंकडा मूळ पृष्ठावरून घेतला आहे काय? आणि शेवटीं, ज्या विधानाला आधार म्हणून तो निबंध जोडला, तें विधान त्या निबंधांत खरोखर आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची चूक संपादकाच्या नजरेस येते. तिसऱ्याची बहुधा येत नाहीं. तिची जबाबदारी लेखकाचीच असते.