गगनची दुरुस्ती



सुरतच्या बमरोली-पांडेसऱ्यात मागावर राबणाऱ्या कित्येक घरांची मुळं नंदुरबार, धुळे, जळगावात आहेत. आखाजीला नाहीतर दिवाळीला उधन्याहून गाडी धरायची, आणि गावी पोचलं की बांधाचा विषय निघतोच. मग घरातला एखादा शिकलेला पोरगा हातातलं जीपीएस यंत्र घेऊन शेताला फेरी मारतो. वनहक्काच्या दाव्यांसाठी तर गुजरातेत आणि महाराष्ट्रात अशा फेऱ्या गावोगाव झाल्या.

एक एकराचा चौरस तुकडा घ्या. त्याची बाजू सुमारे 64 मीटर. एका बाजूचे दोन्ही कोपरे यंत्रानं पाच मीटर आत दाखवले, की कागदावर तीन गुंठे कमी झाले. अडीच एकरांच्या धन्याला तीन गुंठे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

ही चूक येते कुठून? उपग्रह आहेत वीस हजार किलोमीटर वर. तिथून येणारा संदेश वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना रेंगाळतो. यंत्राला वाटतं उपग्रह जरा लांब आहे, आणि हिशेब चुकतो. आपल्याकडे हा त्रास अधिक आहे. चुंबकीय विषुववृत्तावर उन्हानं तयार झालेले या थरातले विद्युतभारित कण वर उचलले जातात आणि दोन्ही बाजूंना उतरतात. उत्तरेकडची त्यांची दाटी गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यावर होते. सुरत त्याच भागात येतं. या चुकीवर अमेरिकेत, युरोपात चालणारी दुरुस्ती इथे जशीच्या तशी लागू पडली नसती, ती याचमुळे.

म्हणून इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ‘गगन’ हे दुरुस्तीचं जाळं उभं केलं. देशात त्याची पंधरा संदर्भ-केंद्रं आहेत. त्यात आपलं नागपूर आहे, शेजारचं अहमदाबाद आहे, गोवाही आहे. खात्रीचं वजन ठेवून काटा तपासावा, तसं हे काम चालतं. केंद्राची जागा आधीच अचूक मोजलेली असते. जीपीएस तिथे वेगळी जागा दाखवतं, तेवढी चूक उघडी पडते. ही माहिती बंगळुरूला जमते, दुरुस्ती तयार होऊन जीसॅट-8 आणि जीसॅट-10 या उपग्रहांकडे जाते, आणि ते ती जीपीएसच्याच लहरीवर खाली पाठवतात. वेगळा अँटेना नको, वर्गणी नको. 2015 साली विमान उतरवण्याच्या कामी गगनला मान्यता मिळाली. पण तीच दुरुस्ती शेतात उभ्या माणसालाही मोकळी आहे.

आता कामाचं. हातातल्या बऱ्याच यंत्रांच्या सेटिंगमध्ये ‘वॉस’ नावाचा पर्याय असतो. नाव अमेरिकी आहे, पण पद्धत एकच असल्यानं गगनही त्यातूनच मिळतं. तो चालू करा. काही यंत्रांत बॅटरी वाचवण्याचा पर्याय लावला की हा बंद पडतो, तेही बघा. मग उघड्यावर, दक्षिणेकडचं आभाळ मोकळं ठेवून काही मिनिटं थांबा. उपग्रहांच्या पानावर 40 किंवा 41 हा गगनच्या उपग्रहाचा आकडा दिसेल, आणि पट्ट्यांवर ‘डी’ हे अक्षर उमटेल. ते उमटलं की दुरुस्ती लागू झाली. पाच-दहा मीटरांची चूक मग साधारण दोन-तीन मीटरांवर येते. बमरोलीतल्या पत्र्याच्या शेडखाली मात्र हे होणार नाही. साध्या मोबाइलवरही ही दुरुस्ती सहसा लागत नाही.

फेरी सकाळी मारा. दुपारी वातावरणाचा तो विद्युतभारित थर सर्वांत दाट असतो, आणि सूर्यास्तानंतर कधीकधी संदेशच थरथरतो. तिथे गगनही हतबल होतं.

आणि भाऊबंदांत बांधाचा वाद असेल, तर या आकड्यांवर भांडू नका. दोन मीटर चुकले तरी सव्वा गुंठा जातो. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा.