चकतीवरचा आकडा



आज मी सायकलीच्या ब्रेकविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आता गिअरची, डिस्क ब्रेकची सायकल आहे. मुलांनी हट्ट धरला आणि आपण घेऊन दिली. जुन्या सायकलीला रिमवर घासणारे रबर असे. ते झिजले की डोळ्यांना दिसे. नवे बसवले की काम भागे. डिस्क ब्रेकचे तसे नाही. चाकाच्या मधोमध, हबला, पोलादी चकती बसवलेली असते. ब्रेकची दांडी दाबली की दोन पॅड दोन्ही अंगांनी येतात आणि चकतीला चिमटीत धरतात. पॅड झिजते हे सगळ्यांना ठाऊक असते. चकतीही झिजते, हे मला वयाच्या साठीनंतर कळले. कसे कळले ते सांगतो.

माझा नातू दर रविवारी सायकलीने वाईहून पाचगणीला जातो. पसरणीचा घाट चढतो आणि उतरतो. दोन वर्षांत आम्ही तीन वेळा पॅड बदलले. तिसऱ्या वेळी मी दुकानदाराला विचारले, "अहो, ही चकती बघता का जरा?" तो म्हणाला, "गुरुजी, पोलाद ते. त्याला काय होतंय?" मला ते पटले. पोलादाला काय होणार!

पुढे एका रविवारी पोरगा दिवेलागणीला आला, तो सायकल हाताने ढकलत. कोपर सोललेले. म्हणाला, "आजोबा, दांडी पार हँडलला टेकली. सायकल डोंगराच्या अंगाला घातली म्हणून वाचलो." दुसऱ्या अंगाला दरी आहे, हे त्याने सांगितले नाही. मलाही ते सांगायला नको होते.

दुसऱ्या दिवशी मी चाक घेऊन ओळखीच्या लेथवाल्याकडे गेलो. त्याने मायक्रोमीटर लावला. चकती भरली १.३ मिलिमीटर. मग त्याने चकती पुसली, उजेडात धरली आणि मला म्हणाला, "गुरुजी, हे काय लिहिलंय, वाचा." बारीक इंग्रजी अक्षरे कोरलेली होती. 'मिन.' म्हणजे कमीत कमी, 'टीएच' म्हणजे जाडी, आणि पुढे आकडा १.५. जन्मभर पोरांना वाचायला लावले आणि दोन वर्षे घरात असलेला हा आकडा मी वाचला नव्हता!

आता दोन दशांश मिलिमीटरने एवढे काय बिघडते? पोस्टकार्डाएवढाही हा फरक नाही, असे कोणी म्हणेल. पण हिशेब करा. पाचगणी वाईपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच आहे. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन तेवढे खाली उतरते, तेव्हा निघणारी उष्णता एक लिटर पाण्याला आधण आणून वर उरेल इतकी असते. त्यातली काही वारा नेतो. बाकीची ब्रेकच्या वाट्याला येते. चकतीचे वजन ते काय? शंभर-दीडशे ग्रॅम. ती पातळ झाली की लवकर तापते, वाकते, तिला चीर पडते. शिवाय तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये चकती पातळ आणि पॅडही झिजलेले असले, तर दट्ट्याला फार पुढे यावे लागते. तो आपल्या जागेतून सुटला तर तेल गळते आणि ब्रेक जातो.

उतारावर ब्रेक तापण्याची गोष्ट जुनीच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ साली काही तरुण जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून शर्यती लावू लागले. डोंगरी सायकलीचा उगम तिथला. त्यांचे ब्रेक हबच्या पोटात असत. एका उतरणीत ते इतके तापत की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात. त्या रस्त्याचे नावच 'रीपॅक' पडले.

तर चकती कधी बदलायची? कोरलेला आकडा आला की बदलायची. ब्रेक अजून लागतो आहे, ही सबब चालत नाही. पुष्कळ चकत्या नव्या असताना १.८ मिलिमीटर असतात आणि १.५ ला बाद होतात. काही २ मिलिमीटरच्या असतात आणि १.८ लाच बाद होतात. म्हणून शेजाऱ्याच्या चकतीचा आकडा आपल्या चकतीला लावू नये. आकडा सापडलाच नाही, तर नवी असतानाच मोजून वहीत टिपून ठेवावी.

मोजताना एक चूक होते, ती मीही केली. मी आधी घरचा व्हर्निअर लावला, तर जाडी चांगली पावणेदोन भरली! कारण असे की पॅड घासते तो पट्टा झिजतो, पण बाहेरची कड तशीच राहते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर टेकतात. मायक्रोमीटरचे तोंड लहान असते, ते पट्ट्यावर नेमके बसते. तीन-चार ठिकाणी मोजावे. हत्यार नसेल तर नख फिरवून पाहावे. नख कडेला अडले, पायरी लागली, की लेथवाल्याकडे जावे. चीर दिसली तर मोजत बसू नये, चकती काढून टाकावी. घाट उतरल्यावर लगेच हात मात्र लावू नका, फोड येईल.

नुसता आवाज येतो म्हणून चकती फेकू नये. पुष्कळदा तेलाचा हात लागलेला असतो. चकती स्पिरिटने पुसून घ्यावी. पॅडने तेल प्यायले असेल तर पॅड बदलावे. थोडी वाकलेली चकती जाणता कारागीर सरळ करतो. काही चकत्यांवर 'रेझिन पॅड ओन्ली' असे लिहिलेले असते. तिला धातूचे पॅड लावले तर ते तिला लवकर खातात. तेही वाचावे.

नवी चकती बसवताना बाणाची दिशा पाहावी आणि पॅडही नवे घालावे. मग सपाट रस्त्यावर वेग घ्यावा आणि ब्रेक दाबून चालण्याच्या वेगावर यावे, चाक अडकू द्यायचे नाही. असे वीस-एक वेळा करावे, म्हणजे पॅड आणि चकती एकमेकांना बसतात. त्याआधी घाटात जाऊ नये. माझ्या नातवाला हे वीस वेळा करायचा कंटाळा आला, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून मोजत बसलो.

ती जुनी चकती मी आज बरोबर आणली आहे. हातोहात फिरवा. दिव्याखाली तिरकी धरा, म्हणजे अक्षरे दिसतील. ज्याला आकडा सापडेल त्याने तो फळ्यावर लिहावा. मात्र कडेला धार आली आहे, बोटे जपा.