रिकाम्या रकान्याचा अर्थ



नागपूर हे मातीच्या अभ्यासाचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालय याच शहरात आहे. पुढे १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगड येथे मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ झाला आणि गावोगावच्या मातीची माहिती संगणकात जमा होऊ लागली. सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन असे बारा रकाने प्रत्येक नमुन्यासाठी ठरविण्यात आले.

नोंदी साठविल्याने अर्धेच काम होते. त्यांतून हव्या त्या नेमक्या वेचून काढणे हे उरलेले अर्धे काम होय. १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचविली. १९७४ साली चेंबरलिन व बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली. या भाषेत कसे शोधावे हे सांगावे लागत नाही, काय हवे ते सांगावे लागते. निकष खरा ठरला तर नोंद यादीत येते, एरवी वगळली जाते.

आता एक उदाहरण घेऊ. मातीत जस्ताचे प्रमाण दशलक्ष भागांत ०.६ भागांपेक्षा कमी असल्यास ती माती सामान्यतः जस्ताच्या बाबतीत उणी समजतात. अशा मातीत संत्र्याची पाने लहान राहतात व शिरांमधील भाग पिवळा पडतो. समजा, एका मंडळातील ५०० नोंदींतून ०.६ पेक्षा कमी जस्ताच्या नोंदी मागितल्या आणि १८० मिळाल्या. उलट प्रश्न विचारला, तेव्हा २६० मिळाल्या. बेरीज ४४० होते. मग ६० नोंदी गेल्या कोठे?

त्या ६० नमुन्यांचा जस्ताचा रकाना रिकामा होता. रिकाम्या रकान्याला संगणक ‘कमी’ म्हणत नाही आणि ‘पुरेसे’ही म्हणत नाही, त्याच्या लेखी उत्तर अज्ञात असते. म्हणून अशी नोंद दोन्ही याद्यांतून गळते. योजनेच्या आरंभीच्या फेऱ्यांत बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांमागे व कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरांमागे एक नमुना घेण्याची पद्धत होती. साहजिकच एका रिकाम्या रकान्यामागे अनेक शेतकरी असू शकतात. त्यांच्या जमिनीची गरज कोणी नाकारलेली नसते. ती कोणी तपासलेलीच नसते. रिकाम्या जागी शून्य भरणे हाही उपाय नव्हे. तसे केल्यास न तपासलेली माती जस्ताला पारखी ठरेल. रकाना रिकामा असलेल्या नोंदी वेगळा प्रश्न विचारून काढाव्यात व त्या नमुन्यांची तपासणी पूर्ण करावी, हाच योग्य मार्ग होय.

दुसरी चूक ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन शब्दांत दडलेली असते. ‘तालुका काटोल किंवा तालुका नरखेड आणि जस्त ०.६ पेक्षा कमी’ असा प्रश्न कंसाविना विचारला, तर संगणक ‘आणि’ आधी जोडतो. परिणामी नरखेडच्या केवळ उण्या नोंदी येतात. काटोलच्या मात्र झाडून सगळ्या येतात. दोन्ही तालुक्यांची नावे एका कंसात घातली की ही गफलत टळते.

यास्तव कोणतीही यादी ग्रामसभेपुढे येईल तेव्हा सदस्यांनी व शिक्षकांनी चार आकडे अवश्य विचारावेत : एकूण नोंदी किती, निकषात बसलेल्या किती, न बसलेल्या किती आणि रकाना रिकामा असलेल्या किती. शेवटच्या तिहींची बेरीज पहिल्या आकड्याशी जुळली पाहिजे. अधिकाऱ्यांनी यादीसोबत तिचा निकषही साध्या मराठीत लिहून द्यावा. संगणक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. प्रश्न न्याय्य आहे की नाही, हे माणसानेच पाहावयाचे असते. यादीत नाव नाही, एवढ्यावरून गरज नाही असे ठरत नाही.